खडपावर गरवायला जावे का?

प्रश्न : बदलीमुळे काही वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीहून रत्नागिरी जिल्ह्यात आलो. कार्यालयातील दोन सहकाऱ्यांमुळे मला गरवण्याचा, म्हणजे गळ टाकून मासे पकडण्याचा, नाद लागला आणि आता सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघे गावाबाहेरच्या खडपावर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या कातळावर, रॉड घेऊन जातो. आठवीत शिकणारा मुलगाही कधी कधी बरोबर असतो. कोजागरीनंतरच्या रविवारी, वारा पूर्ण पडलेला असताना, आमच्या नेहमीच्या कोरड्या जागेवर एक लाट कमरेएवढी चढली. एक सहकारी घसरत कडेपर्यंत गेला. त्याचा रॉड आणि बादली वाहून गेली, तो मात्र खरचटण्यावर निभावला. तेव्हापासून पत्नीने खडपावर जाण्यास साफ विरोध केला आहे. माझे म्हणणे असे की आम्हा तिघांनाही उत्तम पोहता येते, जागा आमच्या माहितीची आहे आणि ती लाट हा अपवाद होता. गावातले एक आजोबा ‘अवसे-पुनवेला संध्याकाळचे तिकडे जाऊ नका’ एवढेच सांगतात, कारण सांगत नाहीत. पत्नीची भीती अवाजवी आहे का? जायचे झाल्यास काय काळजी घ्यावी? आणि शिंगाळा या माशाचा काटा लागल्यास काय करावे, तेही कृपया कळवावे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्नीची भीती अवाजवी नाही. आपण मांडलेल्या तीन मुद्द्यांपैकी एकही मुद्दा खडपावर टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे समजल्याशिवाय मी काळजीची यादी दिली तर आपण ती यादी घेऊन पुन्हा त्याच वेळी त्याच जागी जाल, अशी मला शंका आहे. म्हणून आधी कारणे पाहू.

प्रथम ती लाट. वारा नाही म्हणजे समुद्र शांत, हा किनाऱ्यावर नव्याने राहायला आलेल्यांचा सर्वसाधारण समज असतो. आपल्यासमोर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड आणि उतावळ्या असतात, त्या दिसतातही आणि ऐकूही येतात. पण शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरच्या वादळात जन्मलेल्या लाटा वादळ मागे टाकून पुढे चालत राहतात, वाटेत त्यांची उंची उतरते, त्यांच्यातले अंतर वाढते, आणि खोल पाण्यात त्या इतक्या पसरट होतात की खडपावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्र नुसता संथपणे वर-खाली होताना दिसतो. पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ हे वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेला दोनेकशे किलोमीटरवर होते. ते किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने निघून गेले, तरी समुद्र खवळला तो आपल्याकडेच. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, थेट दक्षिण हिंदी महासागरातून निघालेल्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून भारताच्या किनाऱ्याला लागतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. मे २०२४ मध्ये अशा लाटांचा इशारा दिलेला असताना कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रकिनारी गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी ओढले जाऊन बुडाले. तेव्हा आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, एवढ्यावरून संध्याकाळ गरवण्यायोग्य ठरत नाही.

अशा लाटा एकसारख्याही येत नाहीत. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मध्येच चार-पाच मोठ्या लाटांचा जथा येऊन जातो. दोन जथ्यांमध्ये कधी पाच मिनिटे जातात, कधी वीस. ज्या माणसाने खडपावर पोहोचताच पाच मिनिटे पाहिले आणि सामान मांडले, त्याने बहुधा फक्त लहान लाटाच पाहिलेल्या असतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या, म्हणजे ‘इन्कॉइस’च्या अंदाजात लाटांची जी उंची दिलेली असते, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाज दोन मीटरचा असेल तर त्या दिवशी एखादी लाट त्याच्या दुपटीच्या आसपास येणे हे अंदाजातच धरलेले आहे. आपण ज्याला अपवाद म्हणता, तो समुद्राच्या हिशेबात रोजचाच आहे. फक्त तो येतो तेव्हा आपण बहुतेक वेळा तिथे नसतो.

आणखी एक गोष्ट वाळूच्या किनाऱ्याची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही. वाळूवर लाट लांबूनच उथळ पाण्याला टेकते, फुटते, आणि पायापर्यंत येईतो तिचा जोर संपलेला असतो. खडपाच्या कडेला मात्र पाणी एकदम खोल असते, म्हणूनच तर तिथे तांबोशी आणि गोब्रा हे मासे मिळतात. त्याच कारणाने लाट न फुटता, आपली सगळी शक्ती शाबूत ठेवून कातळावर आदळते आणि वर चढते. गुहागर तालुक्यात हेदवीला समुद्राकाठी बामणघळ आहे. भरतीच्या वेळी तिथे उभे राहून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही : समुद्रात दिसणारी लाट फार मोठी नसते, पण त्या अरुंद घळीत शिरलेले पाणी कोंडले जाते आणि धाडकन आवाज करून कित्येक फूट उंच उसळते. आपल्या खडपात अशा लहान-मोठ्या भेगा असणारच. सगळ्या खडपावर पाणी कमी असताना एकाच जागी ते कमरेएवढे का चढले, याचे उत्तर बहुधा त्या जागेसमोरच्या एखाद्या खाचेत सापडेल. पूर्ण ओहोटीला, लांब उभे राहून, ती खाच एकदा दिवसाउजेडी पाहून या.

आता ‘जागा माहितीची आहे’ या मुद्द्याकडे वळतो. इथे आजोबांच्या म्हणण्याचा उलगडा होतो, आणि त्यांनी कारण सांगितले नाही याचे मला नवल वाटत नाही, कारण आयुष्यभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला ते सांगण्यासारखे वाटतच नाही.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब ढोबळ आहे आणि जागेनुसार थोडा बदलतो. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून मुंबईचे वेळापत्रक मोबाइलवर पाहून कुणी मालवणात किंवा देवगडात गरवायला जाऊ नये. पण आपल्या कामापुरते एवढे पुरे, की पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री होते, तर पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान असते. हे दिवस उधाणाचे. पाणी जेवढे वर चढते तेवढेच खालीही उतरते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे खडपाचे पुढचे टोक मोकळे होते आणि चालत तिथवर जाता येते. कार्यालयातून किंवा घरून निघालेला माणूस पाच वाजता तिथे पोहोचतो, त्याला सगळे कोरडे दिसते आणि पुढे जावेसे वाटते. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडू लागतो आणि त्याच वेळी पाणी भरू लागते. भरते पाणी म्हणजे मासा लागण्याची वेळ, हे आपल्याला मी सांगायला नको. थोडक्यात, मासा लागायला लागला की परतण्याची वेळ झालेली असते, आणि नेमके तेव्हाच पाय निघत नाही.

भरती सारख्या वेगाने चढत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ओहोटी ते भरती या सहा तासांचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात पाणी एक भाग चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत अडीच मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात पाणी वीतभरच वाढल्यासारखे दिसते, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून सव्वा मीटर, म्हणजे माणसाच्या छातीएवढे, वाढते. पहिला तास पाहून पुढचा अंदाज बांधणारा इथे फसतो. त्यात खडपाची रचना अशी असते की टोक उंच असते आणि टोक व किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा असतो, जो आपण येताना घोट्याएवढ्या पाण्यातून किंवा कोरड्यानेच ओलांडलेला असतो. भरतीत आधी तो पट्टा भरतो. आपण उंचावर, कोरड्या जागेवर, समुद्राकडे तोंड करून उभे असता आणि पाठीमागे परतीची वाट बंद झालेली असते. मग अंधारात, शेवाळलेल्या दगडांवरून, मांडीएवढ्या ओढत्या पाण्यातून चालत येण्याचा मोह होतो. आजोबा जे सांगत होते ते हेच. खडपाच्या टोकावरून नव्हे, त्या खोलगट पट्ट्यावरून वेळ ठरवा : त्यात पाणी शिरताना दिसले की मासा लागो न लागो, सामान गोळा करून निघा.

तिसरा मुद्दा पोहण्याचा, आणि इथे मी जरा कठोर लिहिणार आहे. तलावात किंवा विहिरीत उत्तम पोहणारा माणूस खडपाच्या कडेला पडला तर त्याच्या पोहण्याचा पहिल्या मिनिटात फारसा उपयोग होत नाही. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वजन एक हजार किलोहून थोडे जास्तच भरते, आणि असे कित्येक घनमीटर पाणी त्याला उचलून कातळावर आपटत असते. त्या कातळावर धारदार कडांची कालवे (शिंपले) चिकटलेली असतात. डोक्याला मार बसला की पोहणे संपलेच. शिवाय खडपालगतचे पाणी फेसाळ असते, त्यात हवा मिसळलेली असल्याने ते माणसाला नेहमीसारखे तोलून धरत नाही. अंगात जीन्स आणि पायात गमबूट असतील तर बोलायलाच नको. या सगळ्यावर उपाय एकच आहे आणि तो म्हणजे लाइफजॅकेट, जे बेशुद्ध माणसालाही पाण्यावर धरून ठेवू शकते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात खडकांवरून मासेमारी करताना इतकी माणसे बुडू लागली, की २०१६ मध्ये तिथे यासाठी स्वतंत्र कायदा करून धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या किनाऱ्यांवर गरवणाऱ्यांना लाइफजॅकेट सक्तीचे केले गेले. आपल्याकडे तारकर्लीला बोटीत बसताना पर्यटकाला जॅकेट घालायला लावतात, पण खडपाच्या कडेवर उभ्या राहणाऱ्याला ते घालण्याची लाज वाटते, हे मला कधीच समजलेले नाही. फुगवण्याचे जॅकेट घेऊ नका, कालवाच्या एका धारेने ते फाटते. फोमचे घ्या, मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेले घ्या, नाहीतर पाण्यात ते गळ्याशी येते. ते सामानाबरोबर ठेवून उपयोग नाही, खडपावर पाऊल ठेवण्यापूर्वी अंगात असले पाहिजे.

एवढे वाचूनही आपण जाणार असाल, तर पुढचे सांगतो. मी ‘जाऊच नका’ असे सरसकट म्हणणार नाही, कारण किनाऱ्यावरची कित्येक माणसे पिढ्यान्‌पिढ्या खडपावर गरवत आली आहेत. पण त्यांची निम्मी कुशलता गरवण्यात आणि निम्मी न जाण्यात आहे. पावसाळ्यात, जूनपासून नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळेपर्यंत, खडपावर जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै या काळातली यांत्रिक नौकांची मासेमारीबंदी किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला लागू नसते, आणि याच काळात बाजारात मासळी महाग झाल्यामुळे हौशी माणसांची पावले खडपाकडे वळतात. कायदा आडवा येत नाही, एवढ्यावरून समुद्राची परवानगी मिळाली असे समजू नये. इतर महिन्यांत निघण्यापूर्वी आपल्या भागासाठीचा इन्कॉइसचा लाटांचा अंदाज आणि हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहावा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही. अंदाजात उंचीच्या शेजारी दोन लाटांमधला काळ सेकंदांत दिलेला असतो, तो बहुतेक लोक वाचत नाहीत. उंची कमी पण काळ बारा-चौदा सेकंदांच्या पुढे, असा दिवस मी स्वतः खडपासाठी बाद धरतो, कारण ती दुरून आलेली लांब लाट असते आणि ती वर फार चढते. हे आपण घड्याळ लावूनही मोजू शकता.

जागेवर पोहोचल्यावर रॉड न काढता, उंचावर बसून, निदान अर्धा तास नुसते पाहा. या वेळात कोणता दगड ओला होतो ते बघा. ओला, चकाकणारा, काळा किंवा हिरवट दगड म्हणजे पाणी तिथवर येते. त्याच्यावर उभे राहायचे नाही, तो या क्षणी वाळत आलेला असला तरी नाही. आपण ‘कोरडी जागा’ म्हणता ती बाराही महिने कोरडी असती तर तिच्यावर कालवे आणि शेवाळ नसते. हे एकदा वाकून तपासा. वरच्या बाजूला जांभ्याचा कडा असेल तर त्याच्या अगदी टोकावर उभे राहणेही टाळा. लाटांनी खालून पोखरल्यामुळे वरचा दगड पुष्कळदा अधांतरी असतो आणि वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

पायात पातळ रबरी तळाचे, घट्ट बांधलेले कॅनव्हासचे बूट असावेत. चप्पल आणि गमबूट दोन्ही नकोत. प्रत्येकाकडे डोक्याला बांधायचा दिवा असावा, मोबाइल प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत असावा आणि त्या जागी रेंज येते की नाही हे आधी पाहून ठेवावे. तिघांपैकी एकाने गरवू नये, फक्त समुद्राकडे पाहावे, आणि ही पाळी आळीपाळीने बदलावी. हे कंटाळवाणे आहे, पण गरीला (गळाला) आमिष लावताना, मासा सोडवताना, गुंता काढताना माणूस नकळत समुद्राकडे पाठ करतो. लाटेखाली सापडलेल्या बहुतेकांना लाट दिसलेलीच नसते. वीज चमकू लागली तर रॉड खाली ठेवून लगेच निघा. कार्बनचा रॉड विजेला जवळ करतो आणि मोकळ्या खडपावर सर्वांत उंच वस्तू तोच असतो.

खरी परीक्षा मात्र मासा लागल्यावर होते. समजा, चार-पाच किलोची तांबोशी लागली आहे, ती थकून खाली खडपाच्या पायथ्याशी आली आहे, दोर ताणलेला आहे आणि वरून उचलायला गेले तर तुटेल असे वाटते आहे. अशा वेळी एक जण रॉड धरतो आणि दुसरा ‘थांब, मी धरतो’ म्हणत दोन पायऱ्या खाली, त्या ओल्या दगडावर उतरतो. त्याच्या दोन्ही हातांना काम असते, नजर माशावर असते आणि मोठ्या लाटांचा पुढचा जथा येण्याची वेळ झालेली असते. गरी खडपात अडकली तरी हेच घडते. तीन-चारशे रुपयांचे आमिष वाचवण्यासाठी माणूस खाली उतरतो. यावर घरातून निघतानाच ठराव करून टाका, की कोणीही कोणत्याही कारणासाठी खाली उतरणार नाही. लांब दांड्याची जाळी वरून पोहोचत असेल तर ठीक, नाहीतर दोर कापायचा. ज्या जागेवरून मासा वर घेता येत नाही, ती जागा गरवण्याची नाही.

कोणी पडलेच, तर त्याच्यामागे उडी मारू नका. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर पाण्यात पडलेल्या मुलींना वाचवण्यासाठी उतरलेला माणूसही बुडाला होता. पडलेल्याने लगेच त्याच कातळावर चढण्याची धडपड करू नये, कारण प्रत्येक लाट त्याला कालवांवर घासत आणि आपटत राहते. त्याने पाठीवर होऊन, पाय पुढे ठेवून, कातळापासून दूर सरकावे, तरंगत राहावे आणि मदत येईपर्यंत किंवा जवळची वाळू अथवा उताराची जागा सापडेपर्यंत शक्ती राखावी. जाकीट अंगात असेल तर हे शक्य होते, नसेल तर सांगणे सोपे एवढेच. वरच्यांनी एकाने त्याच्यावरची नजर हलवायची नाही आणि हात त्याच्या दिशेने धरून ठेवायचा, कारण लाटांमध्ये डोके एकदा दिसेनासे झाले की पुन्हा सापडत नाही. दुसऱ्याने ११२ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवायचे आणि वाडीतली होडी मिळते का पाहायचे. फेकण्यासाठी एक साधी वस्तू नेहमी जवळ ठेवा : पाच लिटरचा रिकामा कॅन, फेकता यावा म्हणून त्यात तळाशी थोडे पाणी, झाकण घट्ट, आणि त्याच्या कानाला वीसेक मीटर दोरी. दोरी प्लॅस्टिकची, पाण्यावर तरंगणारी घ्या, नायलॉनची बुडते. हीच दोरी कमरेला बांधून दुसरे टोक खडकाला अडकवण्याची युक्ती काही जण करतात, ती मात्र करू नका. लाटेने पाडलेला माणूस दोरीमुळे कातळापासून दूर जाऊ शकत नाही आणि तिथेच आपटत राहतो.

मुलाविषयी माझे मत स्पष्ट आहे : त्याला खडपावर नेऊ नये. वजन कमी, समुद्राचा अंदाज नाही आणि वडील उभे आहेत त्या अर्थी जागा सुरक्षित आहे असे तो धरून चालणार. तो पडला तर आपण उडी मारल्याशिवाय राहणार नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्याला गरवण्याची आवड लागली असेल तर खाडीच्या काठावर किंवा परवानगी असलेल्या धक्क्यावर घेऊन जा, जाकीट तिथेही घाला. काळुंदर आणि नशिबात असेल तर चोणकही तिथे मिळतो, आणि शिकायला भरती-ओहोटी तिथेही तीच आहे. (वाशिष्ठीच्या बाजूला जाणार असाल तर स्थानिकांना विचारल्याशिवाय काठाच्या अगदी जवळ बसू नका, त्या पाण्यात मगरी आहेत.)

पत्नीशी वाद घालून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना एकदा दिवसा, ओहोटीच्या वेळी, लांबूनच ती जागा आणि तो खोलगट पट्टा दाखवा, आणि तुमची नेहमीची वेळ पौर्णिमेच्या आसपास का चुकीची होती तेही स्वतःहून सांगा. यापुढे निघताना कोणत्या खडपावर जाणार आणि किती वाजता वर येणार हे त्यांना लिहून द्या. ती वेळ टळून अर्धा तास झाला आणि फोन लागला नाही, तर त्यांनी संकोच न करता वाडीतल्या माणसांना आणि ११२ ला कळवावे, असे ठरवून टाका. त्या दिवशीचा अंदाज पाहून ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकारही त्यांना द्या. मासा लागण्याची आस नसलेला माणूस अंदाज अधिक नीट वाचतो. घसरलेल्या सहकाऱ्यालाही विचारा, त्याला पुन्हा यायचे आहे का. मित्रांच्या भिडेने येणारा माणूस खडपावर नसलेला बरा.

शेवटी शिंगाळ्याचा प्रश्न. त्याच्या पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे करवती काटे असतात, त्यांना विष असते, आणि मासा मेल्यावरही ते लागतात. म्हणून शिंगाळा हाताने सोडवू नका, पकडीने गरी काढा किंवा सरळ दोर कापा. काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि तो हात किंवा पाय सोसवेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी नेणे यासाठी शहाणपणाचे आहे. पाकट या माशाच्या शेपटीच्या काट्यावरही हाच उपचार आहे, पण तो छातीत किंवा पोटात शिरला असेल तर उपटून काढू नका, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. जखम चिरणे, चोखणे, वर आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दुखणे उतरले तरी काट्याचा तुकडा आत मोडलेला नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बराच काळ लोटला असेल तर त्याच दिवशी घ्या. कालवाने कापलेल्या जखमांनाही हेच लागू आहे, तेव्हा आपल्या सहकाऱ्याचे खरचटणे अजून लाल किंवा सुजलेले असेल तर त्याला आजच दवाखान्यात पाठवा.